उपास नेमका कुणी धरायचा?

आमच्या घरात ज्यांनी खाणं कमी करायला हवं ते पोटभर जेवतात आणि ज्यांच्या ताटात दोन घास जास्त पडायला हवेत त्या माझ्या सासूबाई सोमवार धरतात, गुरुवार धरतात, दोन्ही एकादश्या, संकष्टी, आणि नवरात्राचे नऊ दिवस तर धरतातच. आमच्याच घरात आहे असं नाही, नाशिकच्या गंगापूर रोडला आमच्या सोसायटीत कुठल्याही मजल्यावर जा, थोड्याफार फरकाने हेच दिसेल. पन्नाशीतला, पोट सुटलेला, शुगर काठावर आलेला माणूस रात्री साडेदहाला ऑफिसहून येऊन भरपेट जेवतोय आणि पंच्याहत्तरी ओलांडलेली त्याची आई दुपारी वाटीभर खिचडी आणि रात्री एक केळं खाऊन झोपायला गेलीये. मला हे कित्येक वर्षं खटकत होतं पण नीट मांडता येत नव्हतं, आता बरंच वाचलंय, समजून घेतलंय, म्हणून लिहितीये.

निमित्त झालं एका व्हिडिओचं. आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवला होता. त्यात एक गृहस्थ सांगत होते की उपास केला की शरीरातल्या म्हाताऱ्या पेशी स्वतःलाच खाऊन टाकतात, माणूस आतून तरुण होतो, आणि या शोधाला नोबेल मिळालंय. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे आई फोन घेऊन थेट माझ्याकडे आल्या, "बघ गं, आता तुमचं सायन्सपण हेच म्हणतंय." इतक्या खुशीत होत्या, आयुष्यभर जे श्रद्धेने केलं त्याला कुणीतरी शिक्का मारून दिल्यासारखं त्यांना वाटत होतं, की तेव्हा मी फक्त हो म्हणाले आणि मग वाचायला बसले.

नोबेल खरंच मिळालंय. 2016 साली, जपानच्या योशिनोरी ओसुमींना, ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचाच ऐवज खाणं, कशी चालते हे उलगडून दाखवल्याबद्दल. पण त्यांचं काम यीस्टवरचं, तेच यीस्ट जे पावाच्या पिठात घालतात. त्यांनी आतला ऐवज तोडणारी एन्झाइम नसलेल्या यीस्टच्या पेशींचं खाणं तोडलं आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं तर काही तासांतच पेशीच्या आत बारीक बारीक पिशव्या जमायला लागल्या, त्यात पेशीचाच जुना, मोडका ऐवज भरलेला, जो तोडून पेशी एरवी त्यातनं पुन्हा कच्चा माल मिळवते. म्हणजे म्हातारी पेशी जाऊन तरुण पेशी आली असं काही झालेलं नाही, पेशी तीच, आतली साफसफाई झालेली. ही साफसफाई आपल्या शरीरातही रात्रंदिवस थोडी थोडी चालूच असते आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत उपाशी ठेवलं की ती वाढलेली दिसते, इथपर्यंत सगळं बरोबर आहे. पण "बरोब्बर सोळाव्या तासाला ऑटोफॅजी चालू होते" असं जे लोक छातीठोकपणे सांगतात ना, तो आकडा माणसांवर मोजून काढलेला नाही. जिवंत माणसाच्या लिव्हरमधे किंवा मेंदूत ती किती वाढली हे सांगणारी रक्ताची साधी टेस्ट आपल्या पॅथॉलॉजी लॅबमधे मिळत नाही.

कमी खाल्ल्याने आयुष्य वाढतं ही गोष्ट मात्र याच्याही खूप आधीची. 1935 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांना अगदी पिल्लं असल्यापासून मोजून कमी खायला दिलं, व्हिटॅमिन आणि मिनरल मात्र पुरेपूर दिली. पोटभर खाणारे नर सरासरी 483 दिवस जगले आणि कमी खाणाऱ्या दोन गटांतले नर 820 आणि 894 दिवस. हा फरक इतका मोठा आहे की आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच प्रयोगात माद्यांच्या आयुष्यात म्हणावा असा फरक पडला नव्हता, आणि कमी खाणाऱ्या उंदरांची वाढ खुंटली होती. हे दोन मुद्दे मी एकाही व्हिडिओत ऐकले नाहीत. माद्यांचा तर नाहीच नाही.

हे होतं कसं ते मी बारावीच्या मुलांना असं सांगते की दुष्काळी सालात शेतकरी नवीन विहीर खणायला घेत नाही, आहे त्या बांधाची डागडुजी करतो आणि बी जपून ठेवतो. आपण जेवलो की इन्सुलिन वाढतं, पेशीतला एमटॉर नावाचा स्विच चालू होतो आणि पेशी नवीन प्रोटीन बनवायच्या, वाढायच्या मागे लागतात. खाणं थांबलं की इन्सुलिन उतरतं, लिव्हरमधे साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, असतो तो वापरात येतो, तो संपत आला की चरबी वितळायला लागते, तिच्यातनं कीटोन नावाचं पर्यायी इंधन तयार होतं, एमटॉर मंदावतो आणि दुरुस्तीची कामं हाती घेतली जातात. या एमटॉरला नाव मिळालं ते रॅपामायसिन या औषधावरून, जे ईस्टर बेटावरच्या मातीतल्या एका जीवाणूत सापडलं आणि ज्याच्यासाठी सुरेंद्रनाथ सेहगल या आपल्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने कॅनडात आणि नंतर अमेरिकेत राहून अक्षरशः आयुष्य वेचलं. 2009 मधे हे औषध 600 दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशोबाने साठीला टेकलेल्या उंदरांना दिलं तरी त्यांचं आयुष्य वाढलं, आणि तेही खाणं न तोडता. त्यामुळे यंत्रणा खरी आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण उंदीर जगतो दोन-अडीच वर्षं आणि तोही पिंजऱ्यात, ना इन्फेक्शन ना जिन्यावरून पडायची भीती. मधली पायरी म्हणजे माकडं. ऱ्हिसस माकडांवर अमेरिकेत दोन ठिकाणी प्रयोग सुरू झाले, एक 1987 ला तिथल्या सरकारच्या वार्धक्य संस्थेत आणि दुसरा 1989 ला विस्कॉन्सिन विद्यापीठात. दोन्हीकडे साधारण 30 टक्के कमी खाणं. पुढची वीस-पंचवीस वर्षं लोक ही माकडं सांभाळत, वजनं करत, रक्त तपासत बसले, मला त्या चिकाटीचं फार कौतुक वाटतं. 2009 मधे विस्कॉन्सिनवाल्यांनी सांगितलं की कमी खाणारी माकडं म्हातारपणाच्या आजारांनी कमी मेली. 2012 मधे दुसऱ्या गटाने सांगितलं की आमच्याकडे आयुष्यात काहीच फरक नाही. लोक चक्रावले. शेवटी दोन्ही गट एकत्र बसले आणि 2017 मधे सगळा हिशोब मांडला, तेव्हा लक्षात आलं की विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात 28 टक्क्यांच्या वर साखर होती आणि ज्यांच्याशी तुलना केली ती माकडं हवं तेवढं खात होती. दुसरीकडे खाण्यात साखर 4 टक्क्यांच्या आत, आणि तुलनेतली माकडंसुद्धा मोजूनमापूनच खाणारी. म्हणजे गोडाधोडाचं भरपेट खाणाऱ्याने कमी खाल्लं तर फायदा भरपूर, आणि जो मुळातच बेताचं खातोय त्याचं अजून कमी केलं तर हाताला फारसं काही लागत नाही.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यापुढे आमचं डायनिंग टेबल आलं. एका बाजूला नवरा, एका बाजूला आई.

आणखी एक अभ्यास आहे तो तर याहून बोलका. 2010 मधे उंदरांच्या 41 वेगवेगळ्या वंशांवर 40 टक्के कमी खाण्याचा प्रयोग केला, तर ज्यांचं आयुष्य वाढलं अशा वंशांपेक्षा ज्यांचं घटलं असे वंश जास्त निघाले. मग 2024 मधे नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठा पेपर आला, जनुकांनी एकमेकींपासून वेगळ्या असलेल्या 960 उंदरांच्या माद्या (या वेळी माद्या!), कुणाचं खाणं 20 टक्के कमी, कुणाचं 40, कुणाला आठवड्यातून एक दिवस उपास, कुणाला सलग दोन. कमी खाणाऱ्यांचं सरासरी आयुष्य वाढलं, 40 टक्केवाल्यांचं सगळ्यात जास्त, पण कोण किती जगणार हे खाण्यापेक्षा जनुकांवर जास्त ठरत होतं. आणि मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की कमी खाऊनही ज्यांनी आपलं वजन टिकवून धरलं त्या जास्त जगल्या, ज्या भराभरा वाळल्या त्या लवकर गेल्या. वजन उतरलं की आपण पाठ थोपटतो, "किती बारीक झालीस गं, काय करतेस?" आणि इथे त्या उंदरांचं शरीर सांगतंय की भराभरा वाळणं हे चांगलं लक्षण नव्हतं.

माणसांवर आयुष्य वाढलं का हे बघायला ऐंशी-नव्वद वर्षं थांबावं लागेल, म्हणून तिथे वेगळ्या खुणा बघतात. अमेरिकेतला कॅलरी नावाचाच अभ्यास आहे, लठ्ठ नसलेले दोनशेच्या वर लोक, तरुण ते मध्यमवयीन, दोन वर्षं. ठरवलं होतं 25 टक्के कमी खायचं, जमलं साधारण 12 टक्के, आणि हे सगळं डाएटिशियन मागे उभी असताना. तरी तेवढ्यानेही बीपी, कोलेस्टेरॉल, इन्सुलिन सुधारलं, आणि 2023 मधे त्यांच्या रक्तातल्या डीएनएवरच्या खुणा तपासल्या तर वय वाढायचा वेग 2 ते 3 टक्क्यांनी मंदावलेला दिसला, एका मोजमापात दिसला, दुसऱ्या दोन मोजमापांत नाही. सोबत स्नायू थोडे घटले, आणि कमरेच्या, मणक्याच्या हाडांची घनता पण कमी झाली. पस्तीस-चाळीशीतल्या तगड्या माणसाला तेवढं परवडतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला परवडतं का, हा माझा प्रश्न.

आईंचं वजन 45 किलोच्या आसपास आहे. लग्नातल्या पाटल्या आता मनगटावर थांबत नाहीत, हात वर केला की सरकत कोपरापर्यंत जातात, म्हणून कणीक मळताना त्या पाटल्यांना साडीच्या काठाची चिंधी गुंडाळतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांना उघडत नाही. देवघरासमोरून उठताना आधी एक गुडघा, मग भिंत, मग कपाटाची कड, असं करत उठतात आणि उठल्यावर क्षणभर तशाच उभ्या राहतात, डोळ्यापुढची अंधारी जायची वाट बघत. हे सगळं आमच्या डोळ्यादेखत हळूहळू झालं आणि सगळे म्हणत राहिले, वय झालं की होतंच असं. मागे डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी हातात दाबायचं एक यंत्र दिलं, पकड मोजायचं. आशियातल्या बायकांसाठी 18 किलोच्या खाली पकड गेली की कमी धरतात, आईंची त्याच्या बरीच खाली निघाली. मग हाताची घडी छातीवर घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा म्हणाले, तिसऱ्यांदा उठताना आईंनी माझा हात धरला. डॉक्टरांनी गोळ्या फार दिल्या नाहीत, एवढंच विचारलं, "आजी, जेवता काय?"

म्हातारपणी मरण जवळ आणणारी गोष्ट बऱ्याचदा जास्तीची चरबी नसते, गेलेले स्नायू असतात. पाय अडखळतो, बाथरूममधे पडणं होतं, खुब्याचं हाड मोडतं, मग अंथरूण, मग न्यूमोनिया, आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असं एक माणूस गेलेलं आहे. 2014 मधे अमेरिकेतल्या सहा हजारांवर लोकांच्या आहाराची आणि मृत्यूंची माहिती तपासली तर 50 ते 65 वयात कमी प्रोटीन खाणारे कमी मेले, आणि 65 च्या पुढे बरोब्बर उलटं, जास्त प्रोटीन खाणारे जास्त टिकले. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्याने कार्यकारण सिद्ध होत नाही हे मान्य, पण इतर पुराव्यांशी तो जुळतो. म्हणूनच वृद्धांसाठी हल्ली वजनाच्या दर किलोला 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन सुचवतात. आईंच्या हिशोबाने रोज 45 ते 54 ग्रॅम. आता उपासाच्या दिवसाचं ताट बघा. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च, त्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. केळं, रताळं, बटाट्याचा कीस, चहा. दिवसभरात दाण्याच्या कुटातून आणि दुधातून मिळून पंधरा-वीस ग्रॅम झालं तर खूप, आणि असे दिवस महिन्यातून किती येतात ते त्यांच्या कॅलेंडरवर बघितलं की कळतं. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण ज्याने केली त्याने घरातल्या म्हाताऱ्या बायकांचं ताट बघितलंच नसणार, त्या निम्मंही खात नाहीयेत.

बारीक माणूस म्हणजे निरोगी, हा आपल्याकडचा समज पण तपासून घ्यायला हवा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता, ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपण हाडापेराने बारीक पण आतून चरबीचे, स्नायू कमी, आणि त्यांच्याच पुण्याच्या अभ्यासात दिसलं की हे जन्मापासूनच असं असतं. अशा शरीराने नुसतं कमी खात सुटलं तर जे आधीच थोडं आहे तेच आधी जाणार.

दरवर्षी पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या नाशकातून त्र्यंबकला जातात, थंडी अशी की सकाळी बोटं वळत नाहीत, आणि त्यात सत्तरी-पंच्याहत्तरीचे वारकरी टाळ घेऊन झपाझप चालत असतात. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांच्या पायांकडे बघते. पोटऱ्या बघा त्यांच्या, दोरखंड वळल्यागत. तेही बारीक, आईही बारीक, वजन काट्यावर कदाचित एकच भरेल. एकादशी तेही धरतात. पण त्यांनी आयुष्यभर शेत तुडवलंय, घरी परत गेल्यावर भाकरी-पिठलं, मटकी, दूध पोटात जाणारे, आणि आमच्या आई तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधे, लिफ्टने खाली आणि लिफ्टने वर.

मला उपासाविषयी आकस नाहीये, हे मुद्दाम सांगते. आपल्या लोकांनी खाण्यावर ताबा ठेवायचे किती प्रकार शोधून ठेवलेत! चातुर्मासात एकभुक्त राहणारे आहेत. धारणं-पारणं आहे, एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण, ज्याला आता अल्टरनेट डे फास्टिंग म्हणून पुस्तकं निघतात. आमच्या शेजारच्या जैन भाभींनी वर्षीतप केलं, वर्षाच्या वर एक दिवसाआड निव्वळ उकळलेलं पाणी, आणि अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणं. त्यांच्या घरी रोज सूर्यास्ताआधी चूल बंद होते, आणि तिकडे अमेरिकेत सच्चिदानंद पांडांसारखे आपलेच शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करून सांगतायत की खाण्याची वेळ दिवसाच्या ठराविक तासांत आवळली तर चरबीचं खाणं खाऊनही उंदीर कमी बिघडतात. 2022 मधे तर असंही दिसलं की 30 टक्के कमी खाणाऱ्या उंदरांना दिवसभर थोडं थोडं दिलं तर आयुष्य 10 टक्के वाढतं आणि त्यांच्या जागं असण्याच्या वेळेतच दिलं तर 35 टक्के. (माणसांत मात्र त्याच वर्षी चीनमधे 139 लठ्ठ लोकांवर वर्षभर बघितलं, तर सकाळी 8 ते दुपारी 4 मधे खाणारे आणि नुसतं तेवढंच कमी खाणारे, यांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही.) भाभींना आयुष्य वाढवायचं म्हणून त्या तप करत नाहीत, त्यांचा हेतू कर्मनिर्जरेचा, म्हणजे साठलेली कर्मं झडून जावीत हा, आणि तो त्यांचा प्रांत आहे, मला त्याबद्दल आदरच आहे.

पण प्रत्येक परंपरेने कुणाला सूट हे पण सांगून ठेवलंय ना. मालेगावात रमजानचे रोजे पाळणाऱ्या घरातही आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, गरोदर बाईला मुभा असते. आपल्याकडे धर्मशास्त्रात एकादशी सांगितलीये ती आठ वर्षांच्या वरच्यांना आणि ऐंशीच्या आतल्यांना. ही सूट घेणं म्हणजे कमीपणा असं बायकांच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. आणि फक्त म्हाताऱ्या बायकाच नाहीत. नवरात्रात माझ्या वर्गात सोळा-सतरा वर्षांच्या पोरी नऊ दिवस नुसत्या पाण्यावर आणि एखाद्या राजगिऱ्याच्या लाडवावर असतात, दुपारच्या प्रॅक्टिकलला एखादी तरी भोवळ येऊन खाली बसते. देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आहे, त्यातल्याच या. हाडं भरायचं, रक्त भरायचं वय, आणि त्यांना मी ऑटोफॅजी शिकवत असते! त्यांना मी स्पष्ट सांगते, तुमचं शरीर अजून बांधकाम चालू असलेलं आहे, तुम्ही देवीला हात जोडा आणि डबा खा.

आमच्या ह्यांची गोष्ट वेगळी. वय बावन्न, पोटाचा घेर वाढलेला, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी टेस्ट) 6.2, गोळी अजून नाही. विस्कॉन्सिनच्या माकडांशी जुळणारं कुणी असेल तर ते हे. मधे डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवणाची लाट आली होती, अख्ख्या महाराष्ट्रात आली होती, 55 मिनिटांत जेवण उरकायचं आणि मधे काही खायचं नाही, तेव्हा ह्यांनीही केलं होतं आणि पट्टा दोन भोकं आत गेला होता. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्याकडे चरबीचा साठा आहे, स्नायू शाबूत आहेत आणि शुगर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू नाही, त्याने रात्रीचं जेवण सातच्या आत घ्यावं, आठवड्यातून एखादं जेवण सोडावं, गोड आटोक्यात आणावं, सोबत जिने चढावे. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो, आणि एकादशीच्या दिवशी असे पेशंट येतात हे कुठल्याही फिजिशियनला विचारा.

हे सगळं मी आईंना समजावून सांगितलं, माकडांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आठ ते ऐंशी ना? मग मला अजून दोन वर्षं आहेत." त्यापुढे माझं सायन्स संपलं. मग मी पंचवटीतल्या आमच्या गुरुजींना फोन केला, तर त्यांनी सहज सांगितलं की व्रत प्रतिनिधीकडून करता येतं, नवऱ्यासाठी बायको करते, आईसाठी मुलगा करू शकतो, त्यात काही बाधा नाही. मी फोन स्पीकरवर टाकून हे दोघांनाही ऐकवलं. हे पेपर वाचत बसले होते, तिथूनच म्हणाले, "आई, तुझा सोमवार मला दे." आईंनी लगेच हो नाही म्हणलं. दोन-तीन दिवस त्या विचारत राहिल्या, खरं धरशील का, बाहेर काही खाशील का, शंकराचं आहे हां.

आता सोमवारी हे सकाळी ताक आणि फळ घेऊन जातात आणि संध्याकाळी सातला भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर. साबुदाणा आमच्याकडे बंद झालाय, भगर आणते ती पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातली, नाशकात भगरीच्या गिरण्या आहेत त्यामुळे ताजी मिळते. आई सोमवारी दुपारी घट्ट वरण, भात, मेथीची भाजी, वाटीभर दही जेवतात, संध्याकाळी मुगाचं धिरडं, आणि एकादशीला त्यांच्या ताटात राजगिऱ्याची भाकरी, पनीर आणि भाजलेले दाणे कुटून दुधात. खुर्चीतून उठा-बसा करायचा व्यायाम देवासमोर दिवा लावायच्या आधी, मी शेजारी उभी असते. गुरुवार मात्र त्यांनी सोडलेला नाही, तो दत्ताचा आहे आणि त्यांच्या वडिलांपासून चालत आलाय म्हणतात, त्यावर अजून बोलणी चालू आहेत.